राहायचे की जायचे?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, नामपल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



व्याख्यान द्यावे असा माझा अधिकार नाही. मी डिप्लोमा सिव्हिल, बावीस वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत, ऑफिस इथेच नामपल्लीत. आमच्या खात्यात बोलण्यापेक्षा लिहिण्याची सवय जास्त, आणि लिहितो तेही इंग्रजीत आणि तेलुगूत. पण गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीनंतर चहा पिताना विषय निघाला. एकाचा मुलगा बंगळूरला, एकाची मुलगी सून म्हणून ठाण्याला, एक जोडपे निवृत्तीनंतर पुण्याला फ्लॅट बघून आलेले. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या घरी हेच चाललंय ना? मग त्यावरच बोला." म्हणून आजचा विषय, राहायचे की जायचे.

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तो एकदा सुटलेला आहे. नसता सुटला, तर आज आपण या मांडवात बसलो नसतो. तो सुटला १९५६ साली. म्हणून आधी तिथून सुरुवात करतो.

मुलांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या हैदराबाद राज्यात तीन भाषांचे मुलूख होते : तेलंगणा, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. कोर्टाचे काम, कॉलेज, मोठे हॉस्पिटल, सरकारी नोकरी, सगळ्याला माणूस इकडे यायचा. आपल्या या नामपल्लीतल्या विधानसभेत १९५२ साली पहिले सभापती झाले ते काशीनाथराव वैद्य, म्हणजे मराठी माणूस. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि या राज्याचे तीन भाग झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात. नकाशावर रेघ मारणे सोपे. पण सरकारी नोकराचे काय? त्याच्यासाठी कायद्यात कलम ११५ होते. कर्मचाऱ्यांची वाटणी व्हायची होती, याद्या व्हायच्या होत्या, हरकती ऐकायच्या होत्या. मराठी मातृभाषेच्या अनेकांची नावे मुंबई राज्याच्या यादीत गेली. काही जण खुशीने गेले, काही नाइलाजाने, आणि काही इथेच राहिले.

आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघेही नोकरीत होते. बडीचावडीत एका वाड्यात भाड्याच्या तीन खोल्या, त्यात दोन बिऱ्हाडे आणि पणजी. दोघे भाऊ शिकले उर्दू मिडियममध्ये, कारण निजामाच्या काळात दफ्तराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया युनिव्हर्सिटीतही शिकवायचे उर्दूतच. घरात मराठी, ऑफिसात उर्दू. आजोबांचे उर्दू अक्षर छापल्यासारखे होते म्हणतात. आता गंमत बघा. इथे राहिले तर पुढे तेलुगू येणार, जी त्यांना बाजारापुरतीच यायची. औरंगाबादला गेले तर मराठी, पण सरकारी मराठीत एक अर्ज त्यांनी जन्मात लिहिलेला नव्हता. म्हणजे दोन्हीकडे नव्याने बाराखडी. "आपली भाषा तिकडे आहे" हे वाक्य सभेत बरोबर होते. आजोबांच्या टेबलावर ते तितके सोपे नव्हते.

आपण आज १९५६ची गोष्ट सांगतो तेव्हा ती भाषेची, अभिमानाची म्हणून सांगतो. मोठ्या माणसांची उदाहरणे घ्या. सेतुमाधवराव पगडी मूळचे निलंग्याचे. हैदराबादच्या मुलकी सेवेत होते, आदिलाबादकडे असताना गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले. पुनर्रचनेनंतर ते मुंबईला गेले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे मोठे काम त्यांच्या हातून झाले. 'जीवनसेतू' हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. दुसरे उदाहरण विनायकराव कोरटकरांचे. केशवराव कोरटकरांचे चिरंजीव, हैदराबाद राज्याचे मंत्री. ते इथे राहिले आणि १९५७ साली याच हैदराबादेतून लोकसभेवर निवडून गेले. आणि स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे म्हणून ज्यांनी जोर लावला ते स्वामीजी १९५७ साली औरंगाबादमधून खासदार झाले, पण २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले ते हैदराबादेत. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. एक गेले, एक राहिले, आणि एकांनी मराठवाडा तिकडे जोडून दिला पण स्वतःचा मुक्काम इथे ठेवला. यात कोण बरोबर आणि कोण चूक? तिघेही आपापल्या ठिकाणी बरोबरच होते.

पण आमच्यासारख्या साध्या घरांत काय झाले? धाकट्या आजोबांनी औरंगाबाद घेतले. तिकडे नवे विभागीय ऑफिस होते, लवकर बढती मिळेल असे त्यांना वाटले. आजोबा राहिले. का राहिले? मी लहानपणापासून ऐकत आलो की "आपल्याला हैदराबाद सोडवलं नाही." मोठेपणी एकेक कारण कळत गेले. पणजीला दम्याचा त्रास होता आणि तिचे वैद्य इथे होते. माझे वडील आठ वर्षांचे, विवेक वर्धिनीत नुकते रुळले होते. सोसायटीत थोडे पैसे अडकले होते. आणि दोघा भावांपैकी एकाने तरी आईपाशी राहायलाच हवे होते. चार किरकोळ कारणे. त्यांचीच बेरीज झाली आणि आम्ही हैदराबादचे झालो.

या गोष्टीतला खरा भाग मला आजीकडून कळला, तोही चाळीस वर्षांनी. माझा डिप्लोमा झाला तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीची शक्यता निर्माण झाली होती. आजोबा आणि वडील बैठकीत बसून माझे भवितव्य ठरवत होते. मी बाजूला उभा. आजी आतून आली आणि म्हणाली, "त्याला विचारा की आधी. का त्यालाही दूधवाल्याकडूनच कळू देता?"

दूधवाल्याची गोष्ट मला माहीत नव्हती. रात्री तिला विचारले. ती म्हणाली, छप्पन्न साली बैठकीत आठ दिवस चर्चा चालली होती. आजोबा, धाकटे आजोबा, पणजी, शेजारचे एक वकील. ती आणि धाकटी आजी चहा करून आत पाठवायच्या. एक दिवस दूधवाला म्हणाला, "धाकट्या साहेबांनी पहिलीपासून दूध बंद करायला सांगितलंय. तुमचं चालू ठेवायचं ना?" तेव्हा दोघी जावांना कळले की एक जाणार आणि एक राहणार. बारा वर्षे एका चुलीवर काढलेल्या जावा. धाकटी आजी औरंगाबादला गेल्यावर वर्षभर तिचे मन लागले नाही. गाव वाईट नव्हते. पण आपण इथे दोन वर्षांसाठी आलोय की जन्मासाठी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मी आजीला विचारले, "तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" ती म्हणाली, "राहू असंच म्हणाले असते रे. पण मग ते राहणं माझं झालं असतं."

तिचे हे बोलणे तेव्हा मला पूर्ण कळले नाही. मला विचारले गेले, मी राहतो म्हणालो, परीक्षा दिली, २००३ साली इथल्या सरकारी नोकरीत लागलो, आणि विषय मिटला.

मग २०१४ साली पुन्हा राज्याचे दोन भाग झाले. आपण सगळ्यांनी ते पाहिले आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर गुंटूरकडचे एक सहकारी बसायचे. माझे तेलुगू सरकारी टिपणे त्यांनीच सुधारली. त्यांना आंध्र मिळाले. दोन वर्षे ते आंध्रचे कर्मचारी म्हणून हैदराबादेतच होते, कारण दहा वर्षे सामाईक राजधानी ठरली होती. पण २०१६ साली आंध्रची ऑफिसे वेलगपुडीकडे हलू लागली. त्यांची मुले इथे शाळेत, बायको इथल्या खाजगी कॉलेजात शिकवायची. पाच दिवसांचा आठवडा मिळाला, म्हणून ते शुक्रवारी रात्री यायचे, रविवारी रात्री जायचे. मला त्यांनी एकदा सांगितले, "तुमच्या छप्पन्न सालच्या गोष्टी मी ऐकून सोडून द्यायचो. आता कळतंय."

त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी चिंता पगाराची नव्हती. मुले 'लोकल' कुठली, ही होती. हैदराबादेत शिकलेले मूल आंध्रात गेले तर तिथल्या नोकरीला आणि प्रवेशाला परके ठरणार. शेवटी सरकारलाच नियम बदलावा लागला. ठरावीक मुदतीत तेलंगणातून आंध्रात येणाऱ्यांना तिथले स्थानिक मानायचे, अशी सवलत दिली आणि ती मुदत पुढे वाढवावीही लागली. सरकार हलवायचे तर मुलांच्या शाळेचा दाखला आधी पाहावा लागतो, हे त्यातून मी शिकलो. ते शिकणे लवकरच उपयोगी पडले.

गेल्या वर्षी माझ्या सौभाग्यवतींना बँकेत प्रमोशन मिळाले आणि पोस्टिंग आले पुण्याचे. नाकारले तर पुढची संधी कधी, सांगता येत नाही. घरात आम्ही चौघे. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मुलगी तेव्हा सहावीत. नातेवाईकांचे फोन सुरू झाले. पुण्याचे म्हणाले, "या की आता आपल्या माणसांत." इथले म्हणाले, "पुण्यात काय ठेवलंय?" दोन्ही बाजूंना आमच्यापेक्षा जास्त खात्री.

माझी सवय एस्टिमेट करण्याची. दोन रकाने आखले. त्यातल्या काही गोष्टी तुमच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून सांगतो.

पहिली, मुलांचे स्थानिकत्व. तेलंगणातल्या सरकारी नोकरीसाठी स्थानिक उमेदवार ठरवताना आता पहिली ते सातवी हे वर्ग बघतात. त्यातली किमान चार वर्षे ज्या जिल्ह्यात शिकले, तिथले ते स्थानिक. म्हणजे सातवी इथे झालेले मूल पुढे बाहेर गेले तरी हा हक्क जात नाही. मेडिकलच्या प्रवेशाचे नियम मात्र वेगळे, तिथे बारावीपर्यंतची शेवटची वर्षे महत्त्वाची. महाराष्ट्रातही मेडिकल-इंजिनिअरिंगच्या राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी तिथून झाली आहे का, हे पाहतात. म्हणून मुलाला नववीनंतर मध्येच हलवू नका. हलवायचे तर आधी हलवा, नाहीतर बारावीनंतर.

दुसरी, जातीचा दाखला. आरक्षणाचा लाभ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपोआप जात नाही. आजोबा मराठवाड्याचे होते म्हणून नातवाला महाराष्ट्रात सवलत मिळेलच असे धरून चालू नका. जुनी कागदपत्रे, शाळेचे निर्गम उतारे, महसुली नोंदी जपून ठेवा, आणि जाण्याआधी विचारून घ्या.

तिसरी, शाळेतली भाषा. इथे २०१८च्या कायद्याने सगळ्या शाळांत तेलुगू आणि महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने मराठी शिकवणे सक्तीचे आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण वाचतात किती? खरे सांगा. माझी मुलगी तेलुगू वर्तमानपत्र सहज वाचते आणि मराठी ओळ बोट ठेवून वाचते. इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात तिला मी नेले ते पहिल्यांदा याच निमित्ताने. याचा दोष माझा आहे, शाळेचा नाही.

चौथी, नोकरी आणि पेन्शन. राज्य सरकारच्या नोकराची परराज्यात बदली होत नाही. मला स्वेच्छानिवृत्ती घेता येते, वीस वर्षे झाली आहेत. पण आमच्याकडे पूर्ण पेन्शनला तेहतीस वर्षे लागतात. माझे वय सत्तेचाळीस, निवृत्ती एकसष्टला. पुण्यात या वयात डिप्लोमावाल्याला कोण उभे करणार?

इथपर्यंत माझा कागद अगदी स्वच्छ होता. बेरीज 'राहायचे' अशी येत होती. खाली शेवटची ओळ मी लिहिली होती : "आईला या वयात जमणार नाही." तो कागद मी सौभाग्यवतींना दाखवला. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "आईंना विचारलंत?"

मला दूधवाला आठवला.

मग आम्ही एक केले. चौघांनी वेगवेगळे बसून आपापला कागद लिहिला. काय जाईल, काय मिळेल, कशाची भीती वाटते. मुलीलाही लिहायला लावले. रविवारी जेवणानंतर एकेकाने वाचून दाखवला.

मुलीने लिहिले होते : "पुण्यात मी तेलुगू कोणाशी बोलू? मी 'हौ' म्हटलं तर हसतील का?" आणि खाली, "पण आई एकटी गेली तर मी रोज रडेन." सौभाग्यवतींनी लिहिले होते की पंधरा वर्षे त्या काउंटरपासून इथवर आल्या आहेत, आणि प्रमोशन नाकारावे लागले तर त्या ते विसरतील असे नाही. त्या चिडून नाही, सरळ लिहून गेल्या. आईचा कागद सगळ्यात लहान होता : "मी कुठेही येते. माझं भजनी मंडळ सुटेल, ते तिकडेही मिळेल. गुडघ्याच्या डॉक्टरला तेलुगूत सांगावं लागतं ते तिकडे मराठीत सांगेन. माझं नाव पुढे करून कोणी थांबू नये."

मंडळी, ते ऐकताना मला मान वर करता येईना. कारण थांबायचे होते ते मला. इथे ऑफिसात मला नाव आहे, चार लोक फाइल घेऊन विचारायला येतात. तिकडे मी कोण? बायकोच्या पोस्टिंगवर आलेला, सत्तेचाळीस वर्षांचा बिनकामाचा गृहस्थ. ही भीती लिहायला मला लाज वाटली आणि मी ती आईच्या नावावर टाकली. आजोबांनीही पणजीच्या दम्याच्या आड स्वतःचे उर्दू अक्षर झाकले असेल का? मला माहीत नाही. विचारायला ते आता नाहीत.

मी माझा कागद दुसऱ्यांदा लिहिला आणि खरे कारण लिहिले. त्यावर कोणी हसले नाही. उलट, ते टेबलावर आल्यावर मार्ग निघाला. सौभाग्यवतींनी पुण्याला रुजू व्हायचे. मुलीने सातवी इथे पूर्ण करायची, ते वर्ष मी आणि आईने सांभाळायचे. आठवीला तिने आईकडे जायचे. मी नोकरी सोडायची नाही, पण २०२७च्या मार्चअखेर पुन्हा चौघांनी चार कागद लिहायचे. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे. धाकट्या आजीला जे कोणी सांगितले नव्हते, ते आमच्या घरात प्रत्येकाला माहीत आहे : हे किती दिवसांसाठी आहे.

हा मार्ग फुकट मिळाला नाही. दोन घरांचे भाडे आहे. या जूनमध्ये मुलगी गेली. आई दोन महिने तिकडे, दोन महिने इकडे असते. मी फोडणी शिकलो, भाजी अजून शिकतोय. रात्री घर मोठे वाटते. नामपल्लीहून सुटणारी हुसेनसागर एक्सप्रेस पुण्यावरूनच मुंबईला जाते. इतकी वर्षे ऑफिसला जाताना स्टेशनकडे मी लक्षही दिले नव्हते, आता गाडी वेळेवर आहे का ते आधी बघतो. आणि हो, वर्गात पहिल्या आठवड्यात 'हौ'वर मुली हसल्या. आता त्यातल्या दोघी स्वतःच 'हौ' म्हणतात, असे कळले.

कोणी विचारेल, मग निर्णय बरोबर ठरला का? १९५६ साली औरंगाबादला गेलेल्यांना तरी कुठे माहीत होते की १९५८ साली तिथे मराठवाडा विद्यापीठ सुरू होईल आणि धाकट्या आजोबांची मुले घरून शिकतील? इथे राहिलेल्यांना कुठे माहीत होते की २०१४ साली पुन्हा याद्या निघतील? पुढचे कोणालाच दिसत नाही. तेव्हा शहर निवडण्यात चूक झाली तर ती सुधारता येते, गाडी दोन्हीकडे जाते. पण घरातल्या एखाद्याला विचारायचे राहून गेले, तर ते चाळीस वर्षांनीही घरात बोलले जाते. आमच्या घरात बोलले गेले.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. ज्यांच्या घरी हा प्रश्न आज आहे, त्यांनी नियम तपासा, हिशोब करा, पण शेवटची ओळ लिहिण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा कागद वाचा. म्हाताऱ्यांचा आणि मुलांचाही. आणि स्वतःचा दोनदा लिहा.

परवा चतुर्थीला दोघी पुण्याहून आल्या. आमचा गणपती इथेच बसला, यंदा दीड दिवसाचा. पुढच्या वर्षी कुठे बसवायचा हे अजून ठरलेले नाही. ठरवताना मुलीला आधी विचारणार आहोत.

 गणपती बाप्पा मोरया!